फुंकलेल्या गोळ्या

गोळ्यांच्या खोक्यांवर लामांकडून फुंकर मारून घ्यायची, हे काही डॉक्टर फानबाईंच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. गावानंच घातलेली अट होती ती.

मागच्या वर्षी त्यांची टोळी पहिल्यांदा आली तेव्हा रांगा लागल्या, नाड्या बघून झाल्या, गोळ्या वाटल्या, सगळे खूश. टोळी खिंडीपलीकडे गेली आणि निम्म्या गोळ्या नदीत. उरलेल्या उंदरांनी खाल्ल्या. बाईंना हे मीच सांगितलं, कारण त्यांचा दुभाषा मी. शाळेत फार गेलो नाही. चिनी शिकलो ती ट्रकवाल्यांबरोबर फिरून आणि फोनवर मालिका बघून. माझ्या चिनीत शिव्या जास्त आहेत असं बाई म्हणतात.

तर या वर्षी वरच्या गुहेतून आखू छोफेल खाली आले. आखू म्हणजे काका, आमच्याकडे लामांना तसंच म्हणतात. खोकी ओळीनं मांडली. त्यांनी जव उधळले, मंत्र म्हटला आणि एकेका खोक्यावर लांब फुंकर मारली. एवढं म्हातारं माणूस, पण फुंकर अशी की वरचा कागद उडाला.

बाईंनी हात जोडले. मग माझ्या कानात म्हणाल्या, "आता खातील ना रे, ग्युर्मे?"

"खातील? आता भांडतील त्यांच्यावरून."

आणि भांडलेच. ज्यांना काही झालेलं नव्हतं तेही पोट धरून रांगेत. बाई बिचाऱ्या रात्री डायरीत काहीतरी लिहीत हसत होत्या.

शिबिर चालू असतानाच माझी आचे, म्हणजे थोरली बहीण, ल्हामत्सो बाळंत झाली. खालच्या मेंढ्यांच्या गोठ्यात, आमच्याकडे सगळ्याजणी होतात तशीच. मुलगा झाला. पण वार अर्धी आत राहिली. फानबाई हातमोजे चढवून गोठ्यात शिरल्या आणि बाहेर आल्या तेव्हा कोपरापर्यंत लाल. त्यानंतर आचेला ताप चढला. बाईंनी सुया दिल्या, सलाईन लावलं, बाटली मेंढ्यांच्या खुंटीला टांगली. ताप उतरला.

मग टोळीला निघायचं होतं. खिंडीपलीकडच्या गावात लोक येऊन बसले होते. बाईंनी आचेच्या सासूला, आमा सांगमोला, गोळ्यांची पुडी दिली. लांबट पांढऱ्या गोळ्या.

"सकाळ-संध्याकाळ. पुडी संपेपर्यंत. तिला बरं वाटलं तरी थांबायचं नाही. आत अजून जखम आहे," बाई म्हणाल्या. मी शब्द न् शब्द सांगितला. दोनदा सांगितला.

आमा सांगमोनं पुडी कपाळाला लावली. "याही आखूंनी फुंकलेल्याच ना?"

"फुंकलेल्याच."

"मग झालं तर."

मला वाटलं, खरंच झालं.

*

टोळीला खिंडीपलीकडे पोचवून मी दोन दिवसांनी परतलो आणि लोण्याचा गोळा घेऊन आचेकडे गेलो तर फाटकात दगड ठेवलेला. लाल माती फासलेला. म्हणजे घरात आजारी माणूस आहे, बाहेरच्यांनी आत पाऊल टाकू नये.

"आमा सांगमो! दगड कशाला? पांगसोल तर झाली ना?" पांगसोल म्हणजे बाळ झाल्यावर धूप जाळून घर शुद्ध करतात आणि सगळं गाव भेटायला येतं, तो दिवस.

म्हातारी फाटकापर्यंत धावत आली. "हळू बोल. अख्ख्या गावाला ऐकवतोस काय?"

आत चुलीशेजारी आचे मेंढीच्या कातड्यात गुंडाळून पडलेली. दात वाजत होते. हात लावला तर चुलीतला दगड हातात घेतल्यासारखा. बाळ बाजूला रडून रडून कोरडं झालेलं. आणि एक वास. काय सांगू, मेलेल्या जनावराजवळून जाताना येतो तसा, हलकासा.

"आचे?"

तिनं डोळे उघडले. "आलास? द्री आल्या का रे खाली?"

द्री म्हणजे आमच्या याकच्या माद्या. त्या परसातच बांधलेल्या होत्या.

"केव्हापासून आहे हे?"

"काल संध्याकाळपासून," आमा सांगमो म्हणाली. "उतरेल. कुणाला सांगू नकोस. लोकांच्या तोंडाची दृष्ट लागली की दुखणं मुळं धरतं."

माझ्या भावजींना, तामद्रिनला, बोलवायची सोय नव्हती. गावातले सगळे पुरुष वर डोंगरात यार्सा खणायला गेले होते. अळीच्या डोक्यातून उगवणारी ती महाग बुरशी. वर्षाची कमाई त्या महिन्यातच होते. गावात राहिलेले म्हातारे, बायका, आणि मी, कारण मी शिबिरात होतो. तालुक्याच्या दवाखान्याचा रस्ता दरड पडून बंद. 

मी पळालो. फोनला रेंज फक्त वरच्या धारेवर लागते, मंत्र लिहिलेल्या पताकांपाशी. छाती फुटेस्तोवर चढलो.

बाईंनी फोन उचलला. मागे वारा, घोडे, माणसांचा गलका.

"ताप आहे. खूप. थरथरतेय. वास येतोय."

गलका लांब गेला, बाई बाजूला झाल्या असाव्यात. मग, "बरळतेय?"

"जरा."

"गोळ्या चालू आहेत?"

"आहेत."

"तू बघितल्यास? स्वतः?"

नव्हत्या बघितल्या.

"ऐक. तिला हलवायचं नाही, रक्त सुटेल. मीच येते. पण खिंडीत बर्फ पडलंय, घोडेवाले आत्ता सोडत नाहीत. पहाटे निघते. गोळ्यांनी ती बरी होणार नाही, सुईच लागणार. पण तोपर्यंत तिला धरून ठेवायचंय. आत्ता लगेच दोन गोळ्या. मग रात्री पुन्हा, पहाटे पुन्हा. मीठ-साखरेचं पाणी सतत. समजलं का? गोळ्या थांबल्या तर मी येऊन उपयोग नाही."

मी उतरलो, तो धावतच घरात.

"आमा सांगमो, पुडी दे."

तिनं देवघरातून पुडी आणली. उलटी केली. एक गोळी पडली.

एक.

"बाकीच्या?"

"दिल्या ना."

"आचेला?"

"तिला दिली पहिल्या दिवशी. बरं वाटलं तिला. मग पांगसोलला सगळे आले, कुणी लोणी आणलं, कुणी छांगची दारू, त्या पाल्देननं तर आख्खी मांडी आणली मेंढीची. मी काय रिकाम्या हातानं पाठवू लोकांना? नातू झालाय मला. घरात आखूंनी फुंकलेली वस्तू असताना मी ती एकटीनं गिळून बसू? प्रत्येकाला एकेक दिली. सगळे कपाळाला लावून घेऊन गेले."

माझ्या तोंडातून ट्रकवाल्यांची एक शिवी निघाली. चिनीत होती म्हणून वाचलो.

तिचं चुकलं असं तरी कसं म्हणू? आखूंच्या हातून आलेलं काही कुणी आमच्यात एकटं खात नाही. सातूचा गोळा असो, वाळलेलं फळ असो, घरी आणून नखाएवढे तुकडे करून सगळ्यांना द्यायचं. मीही लहानपणापासून तेच केलंय. 

असलेली एक गोळी आचेला दिली. गिळताना तिचे दात भांड्यावर वाजले.

"मी जाऊन परत घेऊन येतो," मी म्हणालो.

आमा सांगमो दारात आडवी झाली. "खबरदार. पांगसोलला दिलेलं परत मागायचं? पोराचं यांग जाईल."

यांग म्हणजे नुसतं नशीब नाही. घराचा सगळा भरभराटीचा जीव म्हणा. ते एकदा दाराबाहेर गेलं की घर पोकळ होतं असं मानतात.

"पोराची आई जाईल त्याचं काय?"

"ती जाणार नाही. तोंड सांभाळ. असं बोलतात का?"

"बाजूला हो, आमा."

"माझी सून आहे. मला काळजी नाही वाटतं? पण तो कालचा जन्मलेला. त्याचं सगळं आयुष्य तू उधळणार. मागितलंस कुठं, तर या घरात पाय ठेवू नकोस."

ती खोटं बोलत नव्हती. खरंच घाबरली होती, माझ्याएवढीच. फक्त वेगळ्या गोष्टीला.

मी तिच्या काखेखालून बाहेर निघालो.

*

पहिलं घर पाल्देनचं. म्हातारा अंगणात दोर वळत बसला होता.

"काय रे, डॉक्टर! गोळीबिळी आणलीस का अजून?"

"तुम्हाला पांगसोलला मिळाली ती कुठंय?"

"ती? गेली की पोटात. गुडघ्याला अशी लागली बघ." उठून दोन पावलं नाचून दाखवली त्यानं. "का?"

तोंडात शब्द आला होता. ताप. पण आमा सांगमोचा चेहरा आठवला. "डॉक्टरबाई विचारत होत्या."

"सांग त्यांना, अजून पाठवा म्हणावं. दुसरा गुडघा राहिलाय."

पुढं आमा त्सेको. तिनं आपली गोळी वासराला घातली होती. "हगवण लागली होती त्याला. थांबली की लगेच. आखूंची फुंकर म्हणजे काय." तिच्या सुनेची मात्र देव्हाऱ्यात होती, लोण्याच्या दिव्यासमोर. मला दिसत होती. पांढरी, लांबट, तुपकट.

"वहिनी, ती मला द्याल?"

सून हसली. "असं कोण मागतं? आखूंची वस्तू आहे. तुमच्याच घरून आली, तुम्हीच परत नेणार? तुमच्या भाच्याचं बरं बघा आधी."

"गरज आहे."

"कुणाला? तुला काय झालंय धडधाकट?" आमा त्सेको माझ्या डोळ्यांत बघायला लागली. "ग्युर्मे, काही लपवतोयस का?"

मी बाहेर पडलो. भित्रा. दोन घरं अशीच गेली. ऊन उतरायला लागलं होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं.

मग मोला छुकी आठवली. मोला म्हणजे आजी. गावाच्या शेवटच्या घरात राहते, दोन हिवाळे झाले बाहेर पडलेली नाही. तिची गोळी तिनं गिळली नसणार. ती साखरेचा खडाही वर्षभर जपते.

ती खिडकीपाशी बसून माळ ओढत होती. 

"कोण? लोब्सांगचा पोरगा?"

"ग्युर्मे, मोला. ल्हामत्सोचा भाऊ."

"तेच म्हटलं मी. बस. चहा नाहीये, लेक पाण्याला गेलीय."

"मोला, आमा सांगमोनं पांगसोलची गोळी पाठवली होती ना?"

तिचा हात सरळ गळ्यातल्या ताइताच्या डबीवर गेला. "माझी आहे. आणि लेकीनं तिची पण दिली मला. जावयाची पण माझ्याकडेच आहे, तो डोंगरातून आला की विचारेल, पण मी काय देणार नाही."

तीन.

"कशाला ठेवल्यास?"

"मरताना जिभेखाली ठेवायला. आणखी कशाला?" ती डबी कुरवाळत होती. "सगळ्यांकडे असते लामांची गोळी, मरणाच्या वेळेची. माझ्याकडे नव्हती. मी खाटकाची बायको. मी पण हात लावलाय किती मेंढ्यांना, जीव जाईपर्यंत नाक दाबून धरायचे मी. कोणत्या तोंडानं मागणार आखूंकडे? आयुष्यभर मागितली नाही. आणि ही बघ, न मागता चालत घरी आली."

ती तापाची गोळी आहे, मरणाची नाही, असं म्हणालो तर आखूंची फुंकर खोटी म्हणल्यासारखं. गप्प बसलो तर आचे.

"मोला, आचेला ताप आलाय." शेवटी म्हणालो. "बाळंतपणाचा."

माळ थांबली.

"सांगमोनं दगड ठेवलाय?"

"हो."

"लपवते ती. तिची थोरली लेक पण अशीच लपवली होती." म्हातारी पुढं वाकली. तिला नीट दिसत नाही, पण तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं. "मरेल का रे?"

आमच्यात असं कुणी विचारत नाही. आणि विचारलं तर कुणी उत्तर देत नाही.

"गोळ्या नाही मिळाल्या तर मरेल," मी म्हणालो.

मला वाटलं ती डबी उघडेल. नाही उघडली. उलट झग्याच्या आत सारली.

"नाही द्यायची तुला."

"मोला..."

"पांगसोलचं परत देऊन त्या लेकराचं यांग बुडवू होय मी? आधीच माझ्या खात्यावर मेंढ्या काय कमी आहेत?" तिनं हात पुढं केले. "वळ. पाठ कर इकडे."

"काय?"

"बहिरा आहेस का? उचल मला. आजारी माणसाला बघायला जायचंय मला. आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जाणारी मी नव्हे."

*

हाडांचं गाठोडं, पण मान अशी आवळली की मला श्वास घेता येईना. गल्लीतून खाली येताना बायका दारात आल्या. मोला छुकी बाहेर! कुणाच्या तरी पाठीवर!

"कुठे निघालात मोला, नवरीसारख्या?"

"ल्हामत्सो आजारी आहे! बाळंतीण तापलीय!" ती माझ्या कानात ओरडली. "आणि तुम्ही बसा इथं लोकर कातत! आणि हे गाढव चालतं किती हळू!" शेवटचं मला.

मागे पावलं वाजायला लागली. झालं. आता सगळ्या गावाला कळलं.

फाटकात आमा सांगमो उभी. लाल दगडाच्या मागे. चेहरा राखेसारखा.

"सांगितलंस," ती मला म्हणाली. "शेवटी सांगितलंसच."

"सांगमो, मला काय दारात उभी ठेवणार?" मोला छुकी म्हणाली. "उभी तरी कुठं आहे मी म्हणा."

"दगड आहे मोला. बाहेरच्यांनी—"

"मी बाहेरची? तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुझं पहिलं बाळंतपण मी केलं. तुझ्या पोरांच्या नाळा कुणी कापल्या? हात पुढं कर."

आमा सांगमोचे हात झग्याच्या बाह्यांत. काढेना.

"हात कर म्हणते ना. आजाऱ्यासाठी आणलंय. पांगसोलचं पांगसोलला झालं, ते मी घेतलं, माझं झालं. आता हे माझं मी देतेय. तू काही मागितलं नाहीस. यानं पण मागितलं नाही. मागितलंस का रे?"

"नाही," मी म्हणालो. मागे त्सेकोची सून होती, तिच्याकडे बघितलं नाही.

आतून आचे काहीतरी ओरडली. मोठ्यानं. द्रीला हाका मारत होती, नावानं, जशी कुरणात मारते.

आमा सांगमोनं हात बाहेर काढले. मोलानं डबी उघडली आणि तीन गोळ्या तिच्या ओंजळीत टाकल्या. 

मागून त्सेकोची सून पुढं आली, लोणी लागलेली गोळी घेऊन. मग आणखी एकजण. मग आणखी. कुणी घरी पळत जाऊन परत आली. आमा सांगमोची ओंजळ पुरेना, तिनं झग्याचा ओचा पसरला, आणि त्यात गोळ्या पडत राहिल्या. 

पडत राहिल्या. मी मोजत होतो.

इतक्या नव्हत्याच पुडीत.

लोक जे होतं नव्हतं ते सगळं आणून टाकत होते. शिबिरातून मिळालेलं सगळं. रक्तदाबाच्या, जंताच्या, पोटाच्या, दुखण्याच्या. सगळ्यांवर आखूंची फुंकर होतीच की. चांगल्यात चांगलं जे घरात होतं ते आजारणीला दिलं त्यांनी. बारीक होत्या त्या मी लगेच बाजूला काढल्या. रंगीत काढल्या. तरी राहिल्या त्या पांढऱ्या, लांबट, मूठभर, एकीसारखी एक. मोलाच्या तीन कुठल्या तेही आता कळेना.

"दे की तिला," आमा त्सेको म्हणाली. "बघतोस काय? सगळ्या दे."

"सगळ्या दिल्या तर मरेल ती!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी शिवी दिल्यासारखे. 

मूठ झग्यात खुपसून मी पुन्हा धारेकडे पळालो.

*

वर वारा असा की उभं राहवेना. पताका फडफडत होत्या, फोन कानाला लावला तरी बाईंचा आवाज तुटून तुटून येई. फोटो पाठवला. गोल चक्र फिरत राहिलं, गेला नाही. बॅटरीचं लाल दिसायला लागलं.

"अक्षरं आहेत का? गोळीवर अक्षरं कोरलेली?"

"पुसलीत. लोणी लागलंय. काजळी लागलीय."

"लांबट पांढऱ्या दोन प्रकारच्या दिल्या आपण. एक ही, दुसरी अंगदुखीची. अंगदुखीची तिला जास्त झाली तर रक्त थांबणार नाही. ऐकतोयस? चुकीची देऊ नकोस."

"मग ओळखू कशी?"

वारा. मग, "वास घे. तिची जी आहे तिला गंधकासारखा वास येतो. सडक्या अंड्यासारखा."

अंडी आमच्या गावात कोण खातो? पण गंधक म्हटल्यावर कळलं. नदीकाठी आमचा गरम झरा आहे ना, त्याचा वास. अंघोळीला जातो आम्ही.

पहिली गोळी नाकाशी धरली. धुपाचा वास. दुसरी, लोणी. तिसरीला कुणाच्या तरी तपकिरीचा. देव्हाऱ्यातून, ताइतातून, झग्यांतून आलेल्या गोळ्या, त्यांना आमचाच वास लागलेला.

"येत नाहीये वास! सगळ्यांना धूपच येतोय!"

"मोड! मोडून आतला घे!"

पताकांच्या खांबामागे वाऱ्याच्या आडोशाला बसलो. चाकू काढला, पहिली मोडली. नाक लावलं. काही नाही. जीभ लावली. कडू जहर. फेकली. दुसरी. काही नाही. तिसरी मोडली आणि तो वास सरळ डोक्यात गेला. गरम झरा. 

"आला! आला वास!"

"नक्की?"

"नक्की!"

"खात्री नसेल ती टाकून दे. एक जरी शंका—" आणि फोन मेला.

अंधारायला लागलं होतं. एकेक मोडत गेलो. एका गोळीशी अडलो. वास होता की मला हवा होता म्हणून येत होता? पुन्हा घेतला. नाक बर्फानं चोळून पुन्हा घेतला. खाली आचे मरतेय आणि मी इथे कुत्र्यासारखा हुंगतोय. 

ती फेकून दिली. लगेच हात घालून पुन्हा उचलावीशी वाटली. नाही उचलली.

मुठीत उरले ते अर्धे अर्धे तुकडे. पहाटेपर्यंत पुरतील एवढेच. एकही जास्तीचा नाही.

खाली आलो तर आचेला बायका धरून होत्या. तिला उठून कुरणात जायचं होतं. मोला छुकी तिच्या उशाशी बसलेली, तिचं डोकं मांडीवर घेऊन. मी तुकडे चमच्यात कुसकरले.

"आचे, तोंड उघड."

"द्री..."

"द्री आल्यात. सगळ्या आल्यात. उघड तोंड."

अर्धं बाहेर आलं. आमा सांगमोनं ते बोटानं पुसून पुन्हा तिच्या तोंडात घातलं आणि जबडा धरून ठेवला, गिळेपर्यंत. माझ्याकडे बघितलं नाही.

ती रात्र मी सांगणार नाही. श्वास मोजत बसलो, एवढंच. पाणी पाजलं, तुकडे पाजले, बाळाला दुसऱ्या एका बाईनं छातीशी घेतलं. शेवटचा तुकडा दिला तेव्हा खिडकी राखाडी व्हायला लागली होती आणि आचेनं बडबडणं बंद केलं होतं. ते चांगलं की वाईट, मला कळत नव्हतं.

उन्हं फाटकावर आली तेव्हा घोड्याच्या घंटा ऐकू आल्या.

फानबाई उतरल्या नाहीत, पडल्याच. भुवयांवर बर्फ. लाल दगड ओलांडून सरळ आत. डोळे उघडून बघितले, पोट दाबून बघितलं, आणि सुई शोधायला लागल्या तर बोटं गारठून वळेनात. मोलानं त्यांचे हात धरून आपल्या काखेत घातले. बाई बावचळल्या. 

"काय म्हणतात या?"

"म्हणतात, गार हातानं भोसकू नका."

सुई लागली. बाटली लागली. मग दुसरी. आम्ही बसून होतो.

"ग्युर्मे," बाई मला म्हणाल्या, "कितपत धोका आहे ते अजून सांगता येत नाही. पण आहे ती. अजून आहे."

दुपार झाली. आचेच्या कपाळावर घाम आला. आधी थोडा, मग मान भिजली, मग कातडं भिजलं. बाईंनी थर्मामीटर बघितला आणि पुन्हा बघितला, आणि मग भिंतीला टेकून बसल्या, तोंडावर हात घेऊन.

आचेनं डोळे उघडले. या वेळी आम्हालाच बघितलं, कुरणाला नाही. चुलीभोवती निम्मं गाव बसलेलं.

"काय झालंय?" ती म्हणाली. आवाज फाटलेला. "सगळ्याजणी इथे? मग दूध कुणी काढलं?"

कुणीच काढलं नव्हतं. काल संध्याकाळी नाही, आज सकाळी नाही. आता लक्ष गेलं तर परसातून द्रींचं हंबरणं ऐकू येत होतं, कासा तटतटून.

"काढतो मी," मी म्हणालो. बादली घेतली आणि बाहेर आलो. मला फक्त बाहेर यायचं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

आमच्यात पुरुष दूध काढत नाही. मी कधी काढलेलं नव्हतं. द्रीच्या पोटाशी बसलो, आचळ धरलं, ओढलं. काही आलं नाही. पुन्हा ओढलं. तिनं लाथ मारली आणि मी बादलीसकट शेणात.

मागे दारात बायका. आधी एकजण फिसकली, मग सगळ्या. "अगं बघा, डॉक्टर दूध काढतोय!" "गोळी दे रे तिला, गोळी!" 

आमा सांगमो त्यांच्यातून पुढं आली. हसत नव्हती. माझ्या हातातली बादली हिसकावून घेतली, मला खांद्यानं बाजूला सारलं, द्रीच्या पोटाला डोकं टेकलं आणि काढायला लागली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. 

पण बादली भरल्यावर पहिला वाडगा तिनं मलाच दिला.